कर्नल आधी, बाकीचे मागून

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन लिनक्स या संगणक प्रणालीची तेरावी आवृत्ती आली आणि ३२-बिट पीसींसाठीचा कर्नल (सैन्यातला नव्हे, प्रणालीचा गाभा) व इन्स्टॉलर तिच्यातून गायब झाला. गंमत अशी, की ३२-बिट डेबियनवर चालणाऱ्या कित्येक सर्व्हरांचा प्रोसेसर केव्हाचाच ६४-बिट असतो. वरची प्रणाली तेवढी कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी ३२-बिट बसवलेली असते आणि ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा’ म्हणून ती तशीच राहते. सगळे पुसून ६४-बिट नव्याने बसवा, हा डेबियनचा सल्ला. न पुसता, आहे त्याच प्रणालीचे रूपांतरही करता येते. त्याला क्रॉसग्रेड म्हणतात. डेबियनवाले त्याला जोखमीचे म्हणतात, आणि ते उगाच नाही.

हे मुळात जमते ते एएमडीमुळे. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. प्रत्येक बाइटला एक पत्ता दिला की ४ जीबीवर पत्ते संपले. यावर इंटेलने २००१ मध्ये आयटॅनियम आणला, पण त्याची भाषाच निराळी. जुने प्रोग्राम त्यावर रखडत. एएमडीने २००३ च्या ऑप्टेरॉनमध्ये जुनी भाषा जशीच्या तशी ठेवून तिच्यातच ६४-बिटची भर घातली. पुढच्याच वर्षी इंटेललाही तीच वाट धरावी लागली. एआरएम प्रोसेसरवर जायचे असेल तर मात्र ही सोय नाही. जुन्या प्रोग्रामची एकही सूचना त्याला थेट कळत नाही.

सुरुवात कर्नलपासून. ६४-बिट कर्नल ३२-बिट प्रोग्राम चालवतो, उलटे होत नाही. म्हणून आधी कर्नल बदलायचा आणि सर्व्हर रीबूट करायचा. बाकी सगळे जुनेच असते, तरी बिनबोभाट चालते. २०१३ च्या सातव्या आवृत्तीपासून डेबियनमध्ये दोन्ही जातींच्या लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रामना सामाईक लागणाऱ्या कोडच्या फाइली) वेगळ्या फोल्डरांत सुखाने नांदतात, त्यामुळे नव्या लायब्रऱ्याही जुन्यांना धक्का न लावता येतात.

खरी कसोटी पुढे. पॅकेजे, म्हणजे बांधून दिलेले प्रोग्राम, बसवणारा डीपीकेजी हाही एक प्रोग्रामच, आणि त्याला स्वतःलाच बदलायचे असते. हे निभावते ते लिनक्सच्या एका जुन्या सवयीमुळे: चालू प्रोग्रामची फाइल नावानिशी बदलली, तरी तो संपेपर्यंत जुनी प्रत डिस्कवर टिकते. जुना डीपीकेजी नव्याला जागेवर बसवतो आणि मग निरोप घेतो. नव्याच्या लेखी मात्र ६४-बिट तेवढे घरचे. उरलेली ३२-बिट पॅकेजे परकी ठरतात आणि अवलंबित्वाच्या (‘याला लागणारे ते पॅकेज नाही’ अशा) तक्रारींचा पाऊस पडतो. त्या निस्तरण्यातच बहुतेक वेळ जातो.

या गोंधळात कुणी घाईने ३२-बिटची मूळ सी-लायब्ररी काढली, तर एक चक्रावणारा प्रकार घडतो. फाइलींची यादी देणारा प्रोग्राम चालवला की उत्तर येते, ‘अशी फाइल नाही.’ त्या प्रोग्रामची फाइल तर जागेवरच असते! प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात त्याला मेमरीत चढवणाऱ्या लोडरचे नाव लिहिलेले असते. कर्नल तो लोडर शोधतो, पण तो त्या लायब्ररीसोबतच गेलेला असतो; सापडला नाही की ‘नाही’ म्हणतो. काय नाही, ते सांगत नाही. आधीच उघडलेली शेल (आज्ञा टाइप करायचा प्रोग्राम) मेमरीत असल्याने तेवढी जिवंत राहते. अनुभवी लोक म्हणून बिझीबॉक्स या नेहमीच्या आज्ञांच्या छोट्या संचाची स्थिर जोडणीची, म्हणजे कोणत्याही लायब्ररीवर न विसंबणारी, प्रत आधीच ठेवून देतात.

डेटाबेसचे काय, हे बरेच जण शेवटी आठवतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस डिस्कवरच्या नोंदी ३२-बिट लिनक्सवर ४ बाइटच्या मापाने लावतो, ६४-बिटवर ८ च्या. ६४-बिट पोस्टग्रेसला जुना फोल्डर दिला, तर तो सुरूच व्हायला नकार देतो. म्हणून सगळा डेटा साध्या मजकुराच्या रूपात आधीच काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवायचा, कर्नलला हात लावण्यापूर्वी.