सरकारी तिजोरी आणि चर्चचं अन्नछत्र

अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २९ जानेवारी २००१ रोजी, म्हणजे शपथविधीनंतर नवव्याच दिवशी, व्हाइट हाउसमध्ये धार्मिक आणि सामुदायिक संस्थांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं. गवगवा असा झाला, जणू अमेरिकी सरकार धार्मिक संस्थांना पहिल्यांदाच पैसे देतंय. प्रत्यक्षात व्यवहार जुनाच होता.

वॉशिंग्टनचं प्रॉव्हिडन्स रुग्णालय कॅथलिक नन चालवत. त्याला सरकारी पैसा मिळण्यावरून झालेला खटला १८९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. चालवणारे कोणत्याही धर्माचे असोत, कायद्याच्या लेखी रुग्णालय ही एक नोंदणीकृत संस्था आहे, असं म्हणत न्यायालयाने हरकत फेटाळली. पुढे कॅथलिक, ल्यूथरन, ज्यू सेवासंस्था सरकारी कंत्राटं घेत राहिल्या. मात्र सेवेचं काम वेगळ्या संस्थेच्या नावावर आणि धर्म शक्यतो दाराबाहेर, असा शिरस्ता होता.

हा शिरस्ता मोडला तो क्लिंटन यांच्या काळात, हे बहुतेक जण विसरतात. १९९६ च्या कल्याण योजना सुधारणा कायद्यात सिनेटर जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या आग्रहाने ‘चॅरिटेबल चॉइस’ हे कलम आलं. संस्थेला भिंतीवरचा क्रूस उतरवावा लागणार नाही, आपल्याच धर्माची माणसं नोकरीत घेण्याची सवलतही राहील. थेट मिळालेला सरकारी पैसा मात्र प्रार्थना, धर्मशिक्षण किंवा धर्मप्रसारावर खर्च करायचा नाही. आणि धार्मिक संस्था नको असेल, तर गरजूला दुसरी मागता येईल.

बुश यांना हेच सगळीकडे लागू करायचं होतं. विरोध दोन्हीकडून आला. धर्म आणि शासन यांच्यातली भिंत ढासळेल, असं उदारमतवादी म्हणत होते. पॅट रॉबर्टसन यांच्यासारख्या धर्मप्रचारकाला वेगळीच धास्ती होती, उद्या हरे कृष्णवाल्यांनाही पैसे द्यावे लागतील! (समान वागणूक म्हटल्यावर दुसरं काय होणार?) नव्या कार्यालयाचे पहिले संचालक, डेमोक्रॅट असलेले जॉन डिइउलिओ, काही महिन्यांतच बाहेर पडले. बुश यांना हवं असलेलं विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं. शेवटी डिसेंबर २००२ मध्ये बुश यांनी अध्यक्षीय आदेशानेच बरंचसं साधून घेतलं.

२००९ मध्ये ओबामा यांनी कार्यालय ठेवलं, नाव तेवढं बदललं. सरकारी पैशावर नोकरी देताना धर्म पाहू देणार नाही, असं ते प्रचारात म्हणाले होते. सत्तेवर आल्यावर मात्र ‘प्रकरण येईल तसं पाहू’ यावर थांबले.