तराजूची इमारत आणि ‘खंडपीठ’ या शब्दाचा घोळ

सर्वोच्च न्यायालय पहिली आठ वर्षे संसद भवनात, संस्थानिकांच्या नरेंद्रमंडळासाठी बांधलेल्या दालनात भरत असे. टिळक मार्गावरची इमारत १९५८ साली वापरात आली. आराखडा मराठी माणसाचा. मधला भाग तराजूची दांडी, दोन बाजू म्हणजे पारडी. तेव्हा मंजूर न्यायाधीश होते अकरा. २०१९ मध्ये झाले चौतीस. त्याच वर्षी रस्त्यापलीकडे नवे संकुलही उभे राहिले. इमारत वाढली, जागा मात्र दिल्लीच राहिली.

इंदुरात लोक विचारतात, दिल्लीचे खंडपीठ इकडे का नाही? इथे शब्दच आधी सोडवावा लागतो. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत ‘खंडपीठ’ म्हणजे कधी दोन न्यायमूर्तींचे पीठ, कधी औरंगाबादसारखे मुख्य ठिकाणाबाहेरचे न्यायालय. इंदुरात दोघांच्या पीठाला ‘युगलपीठ’ म्हणतात आणि खंडपीठ म्हणजे एम. जी. रोडवरचे उच्च न्यायालय. मध्य भारत राज्याच्या काळात मुख्य पीठ ग्वाल्हेरला होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते जबलपूरला गेले, इंदूर-ग्वाल्हेरला तात्पुरती पीठे उरली. ती कायम झाली २८ नोव्हेंबर १९६८ च्या अधिसूचनेने. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(२) नुसार तो आदेश राष्ट्रपतींचा. मुख्य न्यायमूर्तींशी फक्त विचारविनिमय करायचा.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १३० मध्ये हे नेमके उलटे आहे. दिल्लीबाहेर बसायचे का, हे सरन्यायाधीश ठरवणार आणि राष्ट्रपती मान्यता देणार. म्हणून इथल्यासारखे आंदोलन करून, सरकारवर दबाव आणून तिथे पीठ मिळत नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये चार विभागीय पीठे सुचवली होती, ती झाली नाहीत. व्हायला हवी होती.

कारण अडचण प्रवासापुरती नाही. विशेष अनुमती याचिकेला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जाला, उच्च न्यायालयाच्या निकालापासून ९० दिवस मिळतात. प्रमाणित प्रत तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, पण अर्ज करेपर्यंत वाया घालवलेले होत नाहीत. पक्षकार इथेच चुकतो आणि मग विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. होळकर काळातला मोडीतला दस्त असेल तर आधी देवनागरी, मग इंग्रजी. भाषांतराविना तो चालत नाही. पक्षकार स्वतः उभा राहणार नसेल तर दाखल करायला सर्वोच्च न्यायालयात नोंदणी झालेला वकील, म्हणजे ‘अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’च लागतो. ई-फायलिंग आले तरी त्याचे कार्यालय न्यायालयाच्या इमारतीपासून १६ किलोमीटरच्या आत असलेच पाहिजे, हा नियम आहे.