डॅक निवडताना चिप शेवटी बघा

डॅक म्हणजे डिजिटल संगीताचं स्पीकर-हेडफोनला चालेल अशा ॲनालॉग व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारं उपकरण. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ‘३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ’. घरी बसून गाणी ऐकणाऱ्याला या आकड्याचा उपयोग जवळपास शून्य. प्रत्यक्षात लोक अडतात ते भलतीकडेच. टीव्हीला जोडला तर आवाजच येत नाही. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक चिरचिर सुरू होते. ॲम्प्लिफायरचा नॉब जरा हलवला तरी घर दणाणून जातं. या तिन्ही तक्रारींचा आतल्या चिपशी काडीचा संबंध नसतो.

डॅकचं काम तसं एका वाक्यात सांगता येतं. सीडीवर संगीत आकड्यांच्या रांगेत साठवलेलं असतं: दर सेकंदाला प्रत्येक चॅनलचे ४४,१०० आकडे, म्हणजे नमुने (४४.१ किलोहर्ट्झ), आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पातळ्यांपैकी एक (१६ बिट). या आकड्यांवरून डॅक पुन्हा सलग बदलणारं व्होल्टेज तयार करतो. बाहेर येणारी लहर पायऱ्यापायऱ्यांची असते, हा समज मात्र चुकीचा आहे. नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्यापेक्षा कमी वारंवारतेची, त्या सगळ्या बिंदूंतून जाणारी लहर एकच असू शकते, आणि डॅकमधला फिल्टर तीच बाहेर काढतो. म्हणून ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्णपणे मावतो. माणसाचा कान त्याच्या पुढे जात नाही, आणि वय वाढेल तसा बराच अलीकडे थांबतो.

आता बिटांचं. घरगुती डॅकच्या आरसीए सॉकेटवर (लाल-पांढरी गोल सॉकेटं) पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट मिळतात. हे आरएमएस, म्हणजे एक प्रकारचं सरासरी मोजमाप. लहरीच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत ते ५.६६ व्होल्ट होतं. याचे १६ बिटांत भाग केले तर एक पातळी सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची येते. २४ बिटांत तीच ०.३४ मायक्रोव्होल्ट. साधा १ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) नुसता खोलीच्या तापमानाला टेबलावर पडलेला असला तरी त्याच्या टोकांवर, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, सुमारे ०.५७ मायक्रोव्होल्टची आपोआप खळबळ चालू असते. म्हणजे २४ वा बिट रोधाच्या उष्णतेतच बुडाला. ३२ बिट आतल्या आकडेमोडीच्या सोयीसाठी असतात, बाहेरच्या तारेवर ते कधीच पोचत नाहीत. शांत खोलीत ३० डेसिबलची कुजबुज असतेच, आणि सर्वात जोराचा क्षण १०५ डेसिबलचा धरला तरी ऐकण्यासाठी ७५ डेसिबलचा पल्ला पुरतो. १६ बिटांचा सैद्धांतिक पल्ला ९८ डेसिबल आहे. चांगल्या डॅकचा मोजलेला पल्ला ११५ ते १२० डेसिबल निघतो. त्याच्या वरचे आकडे आपापसात स्पर्धा करण्यासाठी आहेत.

आतल्या रचनेवरून वाद भरपूर होतात. बहुतेक डॅक डेल्टा-सिग्मा पद्धतीचे: मोजक्या पातळ्या, पण प्रचंड वेगाने, आणि उरलेला गोंगाट कानाच्या मर्यादेपलीकडे ढकललेला. दुसरी पद्धत रोधांच्या शिडीची, आर-टू-आर. तिच्यात सर्वात वरच्या बिटाचं वजन सर्वात खालच्या बिटाच्या ३२,७६८ पट असतं, त्यामुळे १६ बिट खरोखर अचूक हवेत तर त्या वरच्या रोधातली चूक ०.००३ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. या डॅकमध्ये वापरले जाणारे चांगले रोधही सहसा ०.०१ टक्क्याचे असतात. चांगले आर-टू-आर डॅक आहेतच, पण जास्त पैसे मोजून बहुधा थोडी कमी अचूकता मिळते, हे माहीत असावं. फिल्टरच काढून टाकलेले ‘नॉन-ओव्हरसॅम्पलिंग’ डॅकही मिळतात. त्यांच्यात ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला २० किलोहर्ट्झजवळ आवाज सुमारे ३.२ डेसिबलने पडतो. त्यांचा जो ‘मऊ’ आवाज सांगितला जातो त्यात या उताराचा वाटा मोठा. तोच परिणाम टोन कंट्रोल किंचित खाली फिरवून मिळतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम या डॅक-चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि अनेक उत्पादकांना घाईने दुसऱ्या कंपनीच्या चिपांवर जावं लागलं. चिप बदलली तरी डॅक मोजमापात चांगलेच निघू शकले, कारण वीजपुरवठा, चिपनंतरचा ॲनालॉग टप्पा आणि सर्किट बोर्डाची आखणी हेच बरंचसं ठरवतात. हे चिपच्या नावावरून कळत नाही.

म्हणून आधी डॅकची मागची बाजू बघायची.

संगीत संगणकावरून किंवा फोनवरून येणार असेल तर यूएसबी लागेल. आता जवळपास सगळे यूएसबी डॅक ‘असिंक्रोनस’ असतात: घड्याळ डॅकचं, आणि संगणकाने त्याच्या मागणीप्रमाणे डेटा पाठवायचा. त्यामुळे जिटरची, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यांतल्या किंचित अनियमितपणाची, जुनी भीती इथे उरलेली नाही. यूएसबीवरून आवाज पाठवण्याच्या नियमांच्या आवृत्तींना ‘क्लास’ म्हणतात. यूएसबी ऑडिओ क्लास १ वर २४ बिट/९६ किलोहर्ट्झपर्यंत चालतं. त्याच्या पुढे क्लास २ लागतो. विंडोजमध्ये क्लास २ चा ड्रायव्हर २०१७ पासून आतच आहे, मॅक आणि लिनक्सला तो वेगळा घालावा लागत नाही. काही गेम कन्सोल मात्र क्लास १ शिवाय डॅक ओळखतच नाहीत, तेव्हा कन्सोल जोडायचा असेल तर क्लास बदलता येतो का हे बघून घ्या. फोनसाठीच्या टाइप-सी ते हेडफोन या छोट्या ॲडॅप्टरमध्येही एक गोम आहे. काहींच्या आत डॅक असतो, काही नुसती तार असतात. नुसती तारवाली त्या पोर्टमधून ॲनालॉग आवाज सोडणाऱ्या मोजक्या फोनवरच चालतात, बाकीच्यांवर मुकी राहतात.

टीव्हीसाठी ऑप्टिकल. इथे आवाज न येण्याची दोन कारणं पुन्हा पुन्हा सापडतात. पहिलं अगदी किरकोळ: नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते, आणि ती न काढताच केबल घुसवायचा प्रयत्न होतो. टोपी काढली, केबल ‘टक्’ आवाज होईपर्यंत आत गेली, टीव्ही चालू असताना मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला, म्हणजे तार ठीक आहे. दुसरं कारण टीव्हीच्या सेटिंगमध्ये. डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर असेल तर टीव्ही डॉल्बीचा गुंडाळलेला प्रवाह पाठवतो. स्टिरिओ डॅकला तो उलगडता येत नाही, मग तो गप्प बसतो किंवा खरखर करतो. सेटिंग ‘पीसीएम’ (न गुंडाळलेले साधे आकडे) करायचं. शिवाय ऑप्टिकलमधून जाणारा आवाज बहुतेक टीव्हींवर एकाच पातळीचा असतो, टीव्हीच्या रिमोटने तो कमी-जास्त होत नाही. ते हवं असेल तर एचडीएमआय एआरसीचं (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतून बाहेर देणारं) सॉकेट असलेला डॅक शोधा, आणि टीव्हीत सीईसी, म्हणजे रिमोटचे हुकूम जोडलेल्या उपकरणापर्यंत नेणारी सोय, चालू ठेवा.

कोएक्शियल सॉकेट (धातूच्या तारेतून डिजिटल आवाज घेणारं) असलं तर बरंच. त्याला ७५ ओहमची तार घ्यावी, एवढं पुरे.

डॅक कुठे जोडणार, हेही आधी ठरायला हवं. एव्ही रिसीव्हरच्या ॲनालॉग इनपुटला बाहेरचा डॅक लावला आणि रिसीव्हरमध्ये खोलीनुसार आवाज जुळवणारी सोय चालू असली, तर तो आलेला ॲनालॉग आवाज पुन्हा आकड्यांत बदलतो आणि शेवटी स्वतःच्याच डॅकमधून काढतो. बाहेरच्या डॅकवरचा खर्च वाया. आत डिजिटल प्रोसेसिंग असलेल्या अनेक पॉवर्ड स्पीकरांचंही तसंच. अशा ठिकाणी थेट डिजिटल तार लावावी.

चिरचिर आणि गुणगुण यांच्याकडे जरा सविस्तर बघायला हवं. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, ॲम्प्लिफायरची वायरही तीन पिनांची, आणि मध्ये यूएसबी केबल आणि आरसीए केबल. या सगळ्यांच्या अर्थ जोडल्या जाऊन एक वेटोळं तयार होतं. त्यातून फिरणारा प्रवाह आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून जातो, आणि जाळीत पडलेलं थोडंसं व्होल्टेज थेट संगीतात मिसळतं. तपासणी सोपी आहे. गाणं थांबवा, नॉब रोजच्या जागी ठेवा, आवाज येतोय ना हे ऐका, आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज लगेच थांबला तर दोष वेटोळ्याचा, डॅकचा नाही. महागडा डॅक आणूनही तो तसाच राहील. उपाय म्हणजे ऑप्टिकल तार, कारण काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. दुसरा उपाय यूएसबी आयसोलेटर (दोन्ही बाजूंची विजेची जोडणी तोडून फक्त डेटा जाऊ देणारा), पण त्यातले अनेक १२ मेगाबिट वेगाचेच असतात, म्हणजे ९६ किलोहर्ट्झच्या पुढे चालत नाहीत. दोन्हीकडे एक्सएलआर (तीन पिनांचं) सॉकेट असेल तर बॅलन्स्ड जोडणीनेही, म्हणजे एकच आवाज दोन उलट तारांतून नेण्यानेही, हा त्रास बहुधा जातो. प्लगची अर्थची पिन काढणं किंवा तिला टेप लावणं मात्र कधीही नको. गुणगुण जाईल, पण उपकरणात बिघाड झाला की त्याचं धातूचं अंग जिवंत होईल.

नॉबची तक्रार व्होल्टेजची. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट द्यायला २० व्होल्ट लागतात. ॲम्प्लिफायर २० पट वाढवत असेल तर त्याला १ व्होल्टच पुरतो, आणि डॅक देतो २. एक्सएलआरवर तर ४. परिणाम असा की नॉब सतत सुरुवातीच्या पाव फेरीतच राहतो, आणि साध्या नॉबच्या आतले डाव्या-उजव्या बाजूचे दोन पट्टे नेमके तिथेच एकमेकांशी नीट जुळत नाहीत. एक बाजू हळू वाजते. डॅकमध्ये आउटपुट कमी करायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर आरसीएमध्ये बसणारा १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (पातळी कमी करणारा जोड) लावा. डॅकमधला डिजिटल व्हॉल्यूम वापरायलाही हरकत नाही: दर ६ डेसिबलला एक बिट जातो, पण २४ बिटांच्या रस्त्यावर तेवढे देण्याइतके बिट शिल्लक असतात. उलट ३ डेसिबल कमी ठेवण्यात फायदाच आहे. जोरात मास्टर केलेल्या गाण्यांत दोन नमुन्यांच्या मधली लहर कमाल पातळीच्या वर उसळते, तिला तेवढी जागा मिळते.

हेडफोनही त्याच डॅकवर लावायचे असतील तर दोन आकडे विचारा. एक, हेडफोन सॉकेटचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे सॉकेटचा स्वतःचा विरोध. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. जास्त असला तर अनेक हेडफोनांचा बास फुगतो किंवा वरचे सूर बदलतात. दोन, व्होल्टेज. १ मिलिवॉटला ९७ डेसिबल देणाऱ्या ३०० ओहमच्या हेडफोनला ११० डेसिबलच्या क्षणासाठी २० मिलिवॉट, म्हणजे सुमारे २.४५ व्होल्ट लागतात. १ व्होल्टचा छोटा ॲडॅप्टर तिथे कमी पडेल. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला तोच भरपूर होतो.

शेवटी दोन डॅक हाताशी असतील आणि कोणता ठेवावा हे ऐकूनच ठरवायचं असेल, तर आधी दोघांची पातळी जुळवा. एक डॅक २ व्होल्टचा आणि दुसरा २.३ व्होल्टचा असला तर दुसरा १.२ डेसिबल मोठा वाजतो. कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. १०० हर्ट्झचा सलग सूर लावा, स्पीकर जोडलेलाच ठेवून ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. दोन टर्मिनलांना मीटरच्या टोकांचा एकत्र स्पर्श होऊ देऊ नका. पहिल्या डॅकवर १.०० व्होल्ट आलं तर दुसऱ्यावर ०.९९ ते १.०१ च्या आत आणा. सूर मुद्दाम खालचा घ्यायचा, कारण बरेच मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे चुकीचं दाखवतात. आणि अगदी साध्या मीटरवर एसीची सर्वात लहान रेंज २०० व्होल्टची असते. या कामाला तो निरुपयोगी.

मग वायर बदलायला दुसऱ्या कुणाला तरी बसवा, कोणता डॅक चालू आहे ते तुम्हाला दिसणार नाही असं. प्रत्येक वेळी नाणं उडवून डॅक निवडायला सांगा आणि १६ वेळा ओळखा. १२ किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर आलं तर फरक बहुधा खरा आहे, कारण नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्याही आत आहे. आठ-नऊवरच गाडी अडली तर महागडा डॅक परतीची मुदत संपायच्या आत परत करा.