डगेरोटाइप आणि कॅलोटाइप: पत्र्यावरचा फोटो, कागदावरचा फोटो

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि पुढच्या चार वर्षांत फोटो काढण्याच्या दोन रीती जगापुढे आल्या. एक पॅरिसच्या लुई डागेर यांची, म्हणजे डगेरोटाइप; दुसरी इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांची, म्हणजे कॅलोटाइप. त्या काळचा फोटो दिसला की लोक सरसकट डगेरोटाइप म्हणून मोकळे होतात. त्यात टॅल्बट यांच्यावर अन्याय होतो, आणि आपण नेमकं काय पाहतोय तेही निसटतं.

डगेरोटाइप पत्र्यावर निघायचा. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर, तो घासून घासून आरशासारखा लख्ख करायचा. मग आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात प्रकाश दाखवायचा आणि तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरायचा. जिथे प्रकाश पडला तिथे पारा बसतो आणि चित्र उमटतं. हा थर बोट लागलं तरी पुसला जाई, म्हणून वर काच लावून पत्रा डबीत बसवत. असा पत्रा हातात घेऊन जरा कलता करा: चेहरा आत्ता उजळ दिसतो, पुढच्या क्षणी काळा पडतो, आणि मधूनच आपलाच चेहरा त्यात दिसतो. ओळखण्याची याहून पक्की खूण नाही. छापील पानावर किंवा स्क्रीनवर मात्र हा सगळा खेळ नाहीसा होतो. घोटाळा मुख्यतः त्यामुळेच होतो.

कॅलोटाइपला लागायचा लिहिण्याचा चांगला कागद. त्यावर सिल्व्हर आयोडाइडचा थर चढवून, वापरण्याआधी सिल्व्हर नायट्रेट आणि गॅलिक ॲसिडचं मिश्रण फिरवायचं. कॅमेऱ्यातून काढलेला कागद कोराच दिसतो. तेच मिश्रण पुन्हा फिरवल्यावर चित्र वर येतं, पण उलटं, म्हणजे उजेड काळा आणि सावली पांढरी. ही निगेटिव्ह दुसऱ्या कागदावर ठेवून उन्हात धरली की सुलटी प्रत निघते, आणि हव्या तेवढ्या प्रती काढता येतात. कागदाचे तंतू चित्रात उतरत असल्याने रेघा मऊ येतात. डगेरोटाइपमधला केसन् केस इथे सापडत नाही.

माझ्या मते खरा फरक इथेच आहे. डगेरोटाइप एकमेव असतो. १० एप्रिल १८४८ रोजी लंडनच्या केनिंग्टन मैदानावर चार्टिस्टांची, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या कामगारांची, मोठी सभा भरली. विल्यम किलबर्न यांनी तिचे डगेरोटाइप घेतले आणि ते राजघराण्याच्या संग्रहात गेले. ते पत्रे हरवले असते, तर ती गर्दी आपल्याला कधीच दिसली नसती. याउलट टॅल्बट यांनी १८४४ पासून आपल्या ग्रंथाच्या प्रतींमध्ये अस्सल फोटो चिकटवून विकले. हे पत्र्यावर जमलंच नसतं.

मग गाजला डगेरोटाइपच, तो का? एक म्हणजे त्याचा देखणेपणा. दुसरं, १९ ऑगस्ट १८३९ रोजी फ्रेंच सरकारने डागेर यांना पेन्शन देऊन सगळी कृती जाहीर केली. इंग्लंडमध्ये मात्र पाचच दिवस आधी त्यांच्या वतीने पेटंट घेतलं गेलं होतं. टॅल्बट यांच्याकडे लॅकॉक ॲबी या आपल्या घरातल्या खिडकीची ऑगस्ट १८३५ची चिमुकली कागदी निगेटिव्ह होती. पण पॅरिसची बातमी येईपर्यंत त्यांनी काही जाहीर केलं नव्हतं. कॅलोटाइपची सुधारलेली रीत त्यांना १८४० मध्ये सापडली, १८४१ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं, आणि त्या पेटंटने इंग्लंडात तिचा प्रसार आखडला.

स्कॉटलंडला ते पेटंट लागू नव्हतं. तिथे एडिंबरामध्ये चित्रकार हिल आणि फोटोग्राफर ॲडमसन यांनी १८४३ पासून कॅलोटाइपचं सोनं केलं. चर्चमधून फुटून निघालेल्या शेकडो धर्मोपदेशकांचं चित्र हिल यांना रंगवायचं होतं. चेहरे टिपायला म्हणून सुरू केलेलं काम जवळच्या न्यूहेवन गावच्या कोळणींपर्यंत पोहोचलं. पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, माशांच्या टोपल्या, उन्हाने रापलेले चेहरे: या बायकांना कागदाचा तो मऊ पोतच शोभतो.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवरची कोलोडियनची रीत जाहीर केली (कोलोडियन हा चिकट द्रव काचेवर पसरून ती ओली असतानाच फोटो काढायचा), आणि काही वर्षांत दोन्ही रीती मागे पडल्या. हिंदुस्थानात मात्र कागद आणखी टिकला, कारण ओली काच उन्हाळ्यात झटकन वाळे, तर कागद आधी तयार करून सोबत नेता येई. इंग्रज फौजेतले फोटोग्राफर लिनियस ट्राइप यांनी १८५८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचे शिलालेख कागदी निगेटिव्हवरच टिपले आणि २१ फोटो जोडून त्यांची एक लांबलचक पट्टी केली. भोसल्यांचं तंजावर त्याआधी तीनच वर्षं, १८५५ मध्ये, खालसा झालं होतं.