सिकाई कुणाला लागू पडेल?

रामबाग असो की राजवाडा, इंदुरात कॅन्सरवरच्या रेडिएशनला, म्हणजे किरणोपचाराला, सगळे ‘सिकाई’ (शेक)च म्हणतात. शब्द तोंडात बसलेला, पण चुकीचा. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या दुखण्यावर अनेकदा 8 ग्रेचा एकच डोस देतात. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. आठ ग्रेच्या ऊर्जेने शरीर अंशाच्या पाचशेव्या भागाइतकंच तापेल. शेक कसला? किरण पेशींच्या डीएनएचे धागे तोडतात. यंत्र बंद झालं की अंगात किरण उरत नाहीत, तेव्हा आजीपासून नातवंडांना दूर ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे.

दुखणं थांबतं कसं, हे मोठं विलक्षण आहे. कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा हाड स्वतः कुरतडत नाहीत. हाड झिजवणाऱ्या आपल्याच ऑस्टिओक्लास्ट पेशींना त्या चिथावतात. या पेशी हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि त्या आम्लाने मज्जातंतूंची टोकं चेतून उठतात. किरणांनी ही चिथावणी मंदावते, असं मानतात. म्हणूनच गाठ आटायच्या आधीच काहींना आराम पडतो.

तरी पुरता परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, आणि आरामही शंभरात साधारण साठांनाच पडतो. पहिल्या दोन-चार दिवसांत काहींचं दुखणं उलट वाढतं; तेव्हा वेदनाशामक गोळ्या बंद करू नयेत.

म्हणजे प्रश्न असा : रुग्णाच्या हाती तेवढे आठवडे आहेत का? किती आयुष्य उरलंय याचा डॉक्टरांचा अंदाज बहुधा जास्तीचा निघतो. म्हणून टोरोंटोचे किरणोपचाराचे डॉक्टर एडवर्ड चाउ यांच्या गटाने साध्या गोष्टी मोजल्या. मूळ कॅन्सर स्तनाचा नाही, तो हाडांबाहेरही पसरलाय, आणि रुग्णाला स्वतःचं करायला मदत लागते : तिन्ही असेल, तर आयुष्य आठवड्यांत मोजावं लागतं. तिथे दहा दिवसांचा कोर्स म्हणजे उरलेले दिवस दवाखान्याच्या वाटेवर घालवणं. दुखणं कमी करण्यात एक डोस दहा डोसांइतकाच चालतो. फक्त एका डोसानंतर पुन्हा किरण द्यावे लागण्याचं प्रमाण जास्त, सुमारे 20 टक्के, तर अनेक डोसांत 8. बुऱ्हाणपूर-खंडव्यासारख्या लांबच्या गावांहून येणाऱ्यांनी एका डोसात भागेल का, हे आवर्जून विचारावं. किरण घेताना ज्यावर निजायचं ते टेबल सपाट आणि कडक असतं. डॉक्टरांनी दिलेली मॉर्फिनची गोळी अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर पाठ टेकवून निजता येतं.

मांडीचं हाड मोडायच्या बेतात असेल तर किरण पुरत नाहीत, आधी सळई घालावी लागते. आणि मणक्याच्या गाठीने पाय लुळे पडू लागले किंवा लघवी तुंबली, तर वरचं कुठलंच गणित मांडत बसू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा : उपचार सुरू होताना जो चालतो, तो पुढेही बहुधा चालतो, पाय गेल्यावर ते परत येणं अवघड.