किरणोत्सर्ग : विज्ञानकथेतलं नासक्या सत्तेचं रूपक

सत्तेनं माणूस कसा नासतो हे दाखवायचं असलं की विज्ञानकथावाले फार वेळा किरणोत्सर्गाकडं वळतात, आणि ते पटतंही, कारण त्यातले गॅमा किरण दिसत नाहीत, वास नाही, चटका नाही, आत पेशीतला डीएनए तुटतो आणि आजार कधी कधी वीस वर्षांनी उभा राहतो, तोवर माणूस म्हणतोय मला काय झालंय.

१८९८ मध्ये क्युरी दांपत्यानं रेडियम हा किरणोत्सर्गी धातू शोधला. अंधारात चमकायलंय म्हणल्यावर लोकांनी ते डोक्यावरच घेतलं, टॉनिक म्हणून पिलं सुद्धा. न्यू जर्सीत घड्याळाच्या काट्या-आकड्यांना रेडियमचा रंग देणाऱ्या पोरी ब्रशचं टोक ओठात धरून बारीक करायच्या, कामावर तसंच शिकवलेलं होतं, पुढं त्यांच्या जबड्याची हाडं सडली. मला वाटतं हे रूपक खरं तिथंच तयार झालं, झळाळी सगळ्यांना दिसली पण भोगलं त्या पोरींनी. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अणुस्फोटानं उठवलेला गोडझिला हा महाकाय राक्षस जपानी सिनेमाच्या पडद्यावर आला.

अर्धायुष्याची गोष्ट तर सत्तेला फारच लागू पडते. अणुबॉम्बात वापरतात ते प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला सुमारे २४,००० वर्षं लागतात, म्हणजे हुकूम देणारा कधीच मरून जातो. आपल्याकडं कारखान्याचा चेअरमन बदलला तरी जुन्या कर्जाचा बोजा कारखान्याच्या डोक्यावर तसाच राहतोय, ते बघितलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण हे रूपक वापरताना एक मोठी चूक सर्रास होते. विकृत, भेसूर शरीर ज्याच्यावर किरण पडले त्याचंच दाखवतात, सोडणाऱ्याचं नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना जपानात लग्न जमवताना, नोकरी मिळवताना डावललं गेलं, किरण पडलेला माणूसच बाधलेला, धोक्याचा, हा समज अशा कथा पक्का करतात. आणि हे लांबचं नाही. बीड, जालना, हिंगोलीकडून माणसं छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घ्यायला येतात, आणि गावी परतल्यावर काही घरांत त्यांचं ताट-तांब्या वेगळं ठेवलं जातं, लेकरांना जवळ जाऊ देत नाहीत. बाहेरून मशीननं दिलेले किरण अंगात उरत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. थायरॉइडसाठी पोटातून आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी औषध दिलं असेल, किंवा किरण सोडणारं दुसरं काही अंगात ठेवलं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लांब राहावं लागतं.