कोकण कृषी विद्यापीठाची वार्षिक कामगिरी

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ अध्यापन, संशोधन आणि विस्तारशिक्षण (म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवणे) या तीन अंगांनी दरवर्षी जे काम करते, त्याची ही नोंद. सरकारी हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे हापूसच्या पेट्या भरायच्या ऐन धामधुमीत. विद्यापीठाचे खरे वर्ष मृगाच्या पावसाबरोबर उघडते, आणि फळझाडांच्या बाबतीत तर ते बारा महिन्यांत मावतच नाही. आंब्याचा संकर करायचा, कोय रुजवायची, झाड वाढवायचे, फळ धरल्यावर ते अनेक हंगाम तपासायचे. एवढ्यात संशोधकाची निम्मी नोकरी सरते. त्यामुळे एखाद्या वर्षाच्या खात्यावर मांडलेले यश बहुधा पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लावलेल्या रोपाचे असते.

विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. राहुरी आणि अकोल्याची कृषी विद्यापीठे आधीच उभी राहिली होती. परभणी आणि दापोली एकाच दिवशी जन्मली. मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर १९६३ मध्ये काही दिवस मुख्यमंत्रिपद सांभाळलेले चिपळूणचे बाळासाहेब ऊर्फ प. कृ. सावंत यांचे नाव विद्यापीठाला २००१ मध्ये देण्यात आले. दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ चे, म्हणजे विद्यापीठाहून थोरले. संशोधन केंद्रांपैकी काही तर त्याच्याही आधीची: कर्जतचे भात संशोधन १९१९ पासूनचे, भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र १९५५ चे, वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ चे. विद्यापीठाने ही जुनी बिऱ्हाडे एका छपराखाली आणली. कार्यक्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची सारी किनारपट्टी. कोकणातली बहुतेक कला, विज्ञान, वाणिज्य महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली असून स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून वर येते. लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तरीही किनाऱ्यावरच्या गावात नुसते ‘विद्यापीठ’ म्हटले तर माणसाच्या डोळ्यांपुढे दापोली येते.

संशोधनाच्या वर्षाचा कळस म्हणजे ‘जॉइंट ॲग्रेस्को’. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांची ही संयुक्त बैठक पाळीपाळीने एकेका विद्यापीठात भरते. नव्या जाती, अवजारे आणि शिफारशी तिथे मांडल्या जातात, त्यांची चिरफाड होते, काही पुन्हा प्रयोगाला परत पाठवल्या जातात. तिथून पार पडलेली शिफारस कृषी दैनंदिनीत छापून येते. गावाकडे ही दैनंदिनी हिशेबाच्या वहीसारखी वापरली जाते. मजुरीचे आकडे, खताची उधारी आणि फवारणीची मात्रा अशा तिन्ही गोष्टी एकाच पानावर सापडतात, आणि संशोधनाचा प्रसार बघायला याहून चांगला पुरावा नाही.

काजूत विद्यापीठाला निर्विवाद यश मिळाले. वेंगुर्ल्याच्या केंद्राने वेंगुर्ला-१ पासून क्रमाने जाती काढल्या. त्यांपैकी वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या दोन जातींनी कोकणातील काजूचा चेहराच बदलला. सातची बी साधारण १० ग्रॅम भरते. पूर्वी रायवळ, म्हणजे कलम न करता बियांपासून वाढलेल्या गावठी काजूची चिमुकली बी फोडणाऱ्या हातांना हा फरक तराजूवाचूनही कळे. रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० मध्ये आली तेव्हा मृदुकाष्ठ कलमाचे, म्हणजे कोवळ्या फुटीवर कलम बांधण्याचे तंत्र आणि चांगल्या जाती हाताशी तयार होत्या. कातळावर, वरकस जमिनीत, जिथे नाचणी-वरीशिवाय काही होत नसे तिथे, काजू उभा राहिला. योजना आली आणि कलमे नव्हती असे झाले असते तर? सरकारी योजनांचा इतिहास अशा चुकामुकींनी भरलेला आहे. इथे वेळ जुळली.

आंब्याची गोष्ट वेगळी, आणि जास्त सांगण्यासारखी. हापूसमध्ये दोन खोडी आहेत. एक, तो वर्षाआड फळतो. दुसरी खोड साक्याची: वरून निर्दोष, देखणे फळ कापावे तर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस वासाचा गर निघतो. यावर उपाय म्हणून नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये दिली गेली. ती दरवर्षी फळते, साका होत नाही, फळही हापूसपेक्षा मोठे. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये ‘सिंधू’ आली. तिची कोय इतकी पातळ की तिला बिनकोयीचा आंबा म्हणून ओळखतात. लोणच्यासाठी ‘कोकण रुची’ आली. शास्त्राच्या दृष्टीने ही सगळी पहिल्या वर्गातली कामे. पण बाजाराने हापूसची गादी हलू दिली नाही. पेटीवर ‘हापूस’ लिहिले की जो भाव मिळतो तो ‘रत्ना’ लिहून मिळत नाही, एवढे साधे कारण. बागायतदार मूर्ख नाही. त्याने साक्याचे नुकसान आणि नावाची किंमत यांची वजाबाकी स्वतः केली.

आंब्यात खरा पसरला तो जातींपेक्षा तंत्राचा गुण. सर्वांत मोठे उदाहरण कोय कलमाचे. जून ते ऑगस्टमध्ये रायवळ आंब्याच्या कोयी गादीवाफ्यावर रुजत घालतात. कोंब फुटून पाने अजून तांबूस, मऊ आहेत तोवर, म्हणजे १०-१५ दिवसांत, रोप कोयीसकट अलगद उपटायचे. कोयीपासून चार बोटे वर शेंडा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची. हापूसची तेवढ्याच जाडीची काडी, जिची पाने आठवडाभर आधीच काढून ठेवलेली असतात, ती पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून पिशवीत लावायची. दापोली-वेंगुर्ल्याच्या रोपवाटिकांत हे काम सराईत हात काही क्षणांत करतात. बघणाऱ्याला चाकू फिरलेला दिसतो, चीर पडलेली दिसत नाही. पूर्वीच्या भेटकलमात रोप कुंडीसह झाडाजवळ नेऊन टांगावे लागे आणि महिनोन्‌महिने थांबावे लागे. त्या हिशेबात कोय कलमाने लाखोंची लागवड शक्य केली.

वर्षाआड फळण्यावर पॅक्लोब्युट्राझॉलची शिफारस झाली. बागायतदार त्याला त्याच्या व्यापारी नावाने ‘कल्टार’च म्हणतात. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान झाडाच्या विस्ताराच्या प्रत्येक मीटरला ३ मिलि या प्रमाणात ते पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती गोलात काढलेल्या लहान खड्ड्यांत ओतायचे. झाडाची वाढ आवरते आणि मोहोर लवकर, भरघोस येतो. बरोबर खतमात्रा वाढवायची, हे शिफारशीतच आहे. पण ते वाक्य पुष्कळांनी वाचलेच नाही. कराराने बाग घेणाऱ्याने दोन हंगामांत झाड पिळून काढले आणि दोष औषधाला लागला, अशा तक्रारी कोकणात जागोजागी ऐकू येतात. शिफारस छापली जाते आणि शिफारस पाळली जाते, या दोन गोष्टींमधले अंतर वार्षिक अहवालात कधीच मोजले जात नाही.

‘नूतन झेला’ हे त्यामानाने साधे अवजार. काठीच्या टोकाला जाळी आणि पाते. आंबा देठासकट कापला जाऊन जाळीत पडतो. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाहीत, फळ लवकर कुजत नाही. फळमाशीसाठी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आहे, पावसाळ्यानंतर ओढ्याचे पाणी अडवायला ‘कोकण विजय’ बंधारा आणि कातळावर पाणी साठवायला ‘कोकण जलकुंड’. नावे जरा सरकारी वाटतात, वस्तू मात्र घराघरांत गेल्या.

कोकमाबाबतचे काम बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. कोकमात नराचे आणि मादीचे झाड वेगळे. बियांपासून केलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. तोवर माणसाने पाणी घातलेले, कुंपण केलेले असते. मादी झाडाच्या काडीचे कलम केले की हा जुगार संपतो. ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या निवडी अशाच कलमांतून पसरल्या. जायफळ, दालचिनी, करवंद, फणस, बहाडोलीचे जांभूळ यांच्याही जाती विद्यापीठाने दिल्या. नारळात भाट्ये, सुपारीत श्रीवर्धन ही केंद्रे.

भातात कर्जत, रत्नागिरीजवळचे शिरगाव, पनवेल, पालघर, फोंडाघाट ही केंद्रे कामाची. कर्जत आणि रत्नागिरी या नावांच्या जाती शेतकऱ्यांना आकड्यांनीच पाठ असतात. ‘सह्याद्री’ ही संकरित भाताची मालिका कर्जतची. पनवेलच्या खारजमीन केंद्राने भरतीचे पाणी शिरणाऱ्या शेतांसाठी खार सोसणाऱ्या जाती काढल्या. रायगड-ठाण्याच्या खारेपाटातील बांध फुटला की काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या जातींचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मत्स्यशास्त्राचे महाविद्यालय १९८१ पासून शिरगावला असून रत्नागिरीच्या झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय केंद्रातील मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा शाळेच्या सहलींना अजूनही खेचतो.

अध्यापनाची कामगिरी सहसा किती जणांना पदव्या दिल्या या आकड्याने सांगतात. राज्यपाल हे कुलपती आणि कृषिमंत्री प्रतिकुलपती. पदवीदान समारंभाचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. पण कृषी पदवीचा गाभा म्हणजे शेवटच्या वर्षातला ग्रामीण कृषी कार्यानुभव. विद्यार्थी काही महिने एखाद्या गावात राहतात, एकेका शेतकरी कुटुंबाशी जोडले जातात. मुलांना ‘कृषिदूत’ आणि मुलींना ‘कृषिकन्या’ म्हणायची पद्धत आहे. ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढणे हा त्यांचा पहिला कार्यक्रम, आणि बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक हा नेमाचा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बियाणे ओतायचे. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे, तळाचे जड दाणे धुऊन सुकवायचे. घरातल्या आजी ओटीवरून बघत असतात, आणि ‘असां आमी सुपान पाखडूक लागलो तेव्हा तुमी जल्माक येवक नव्हतास’ असे काही तरी ऐकवतात.

प्रवेश राज्यभरातून होत असल्याने वर्गात सोयाबीन-तुरीच्या प्रदेशातली मुलेही असतात. त्यांना इथे भाषाही नव्याने शिकावी लागते. भाताच्या रोपांना रायगड-ठाण्याकडे ‘आवण’ म्हणतात, दक्षिणेकडे ‘तरवा’. उन्हाळी भात ‘वायंगणी’. राब (रोपांसाठी पेरणीआधी जमिनीवर पसरून जाळायचा पालापाचोळा) भाजू नका, गादीवाफ्यावर पेरा, हे सांगायला गेलेला कृषिदूत पहिल्या आठवड्यात स्वतःच ‘राब’ म्हणजे काय ते विचारत फिरतो. शिक्षण म्हणून हे वाईट नाही.

विस्तारशिक्षणात रोह्याच्या किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रासारखी केंद्रे, मेळावे, शिवार फेऱ्या आणि प्रशिक्षणे येतात. विद्यार्थ्यांच्या वर्षात राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि ‘इंद्रधनुष्य’ व ‘अश्वमेध’ हे आंतरविद्यापीठीय महोत्सव ठरलेले. संस्थेच्या सामूहिक जीवनावर खोल ओरखडा उमटवणारा दिवस २८ जुलै २०१८ चा. महाबळेश्वरला सहलीला निघालेली विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एकच जण वाचला. दापोलीसारख्या लहान गावात बसमधले कुणीतरी प्रत्येकाच्या ओळखीचे होते.

दुसरा तडाखा ३ जून २०२० चा. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड मोडले की त्याला फूट नाही. नवे रोप लावून पाच-सहा वर्षे थांबावे लागते. अशा वेळी विद्यापीठाकडून लोक शोधनिबंध मागत नाहीत, रोपे मागतात.

ती मागणी तशीही दर पावसाळ्याच्या तोंडावर होतेच. जूनमध्ये रोपवाटिकांबाहेर टेंपो आणि जीपगाड्या लागतात, पावती फाडायच्या खिडकीशी घाम पुसत माणसे उभी राहतात, आणि हापूसची कलमे सर्वांत आधी संपतात. मग खिडकीतला माणूस शिफारशीप्रमाणे सांगतो की नुसता हापूस लावू नका, परागीकरणासाठी शेकडा दहा-वीस झाडे दुसऱ्या जातीची हवीत. गिऱ्हाईक थोडे का-कू करते आणि शेवटी पाच-सहा रत्ना टेंपोच्या कडेला ठेवून घेते.